धावती गाडी ओळखावी, उभी गाडी पारखावी

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून बुलढाणा जिल्ह्यातल्या गाडीवेड्यांची चंगळ आहे. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि 5 जून 2025 ला मुंबईकडचा शेवटचा तुकडा जोडला जाऊन 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. लोणार, मेहकर, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे आपले चार तालुके या रस्त्यावर आले. वरच्या अंगाला मलकापूर, नांदुरा, खामगाव हा जुना सहा नंबरचा, म्हणजे आताचा 53 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आहेच. पूर्वी एखादं नवं मॉडेल पाहायला अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागे. आता ते मेहकरच्या बाजूने सुसाट निघून जातं आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याच्याच गप्पा रंगतात.

"पाहिली का भाऊ? लई भारी गाडी हाय!" इथपर्यंत ठीक आहे. पंचाईत पुढे होते. दहा सेकंद दिसलेल्या गाडीवर कोणी छातीठोकपणे सांगतो की अ‍ॅव्हरेज पंचवीसचा आहे, कोणी म्हणतो पत्रा पातळ आहे, कोणी किंमतही सांगून मोकळा होतो. ऐकणाऱ्यांपैकी एखादा त्या भरवशावर बुकिंग करून येतो. सोयाबीन-कपाशीच्या पैशातून किंवा सात वर्षांच्या हप्त्यावर घेतलेली गाडी अशा ऐकीव मतावर घेणं परवडणारं नाही. म्हणून रस्त्यावर दिसलेल्या नव्या गाडीत नेमकं काय पाहायचं, त्यातलं किती खरं धरायचं आणि उरलेलं कुठे तपासायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी नंबर प्लेट पाहा

नवी गाडी दिसली की आपली नजर लाईट, जाळी आणि चाकांकडे जाते. सवय लावायची ती नंबर प्लेटकडे पाहण्याची, कारण गाडीची कुंडली तिथेच असते.

पांढरी प्लेट, काळी अक्षरं: खासगी गाडी. पिवळी प्लेट, काळी अक्षरं: भाड्याची. हिरवी प्लेट, पांढरी अक्षरं: खासगी इलेक्ट्रिक. हिरवी प्लेट, पिवळी अक्षरं: भाड्याची इलेक्ट्रिक. काळी प्लेट, पिवळी अक्षरं: स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी. पिवळ्या प्लेटवर लाल अक्षरं असतील तर नंबर तात्पुरता आहे. लाल प्लेटवर पांढरी अक्षरं असतील तर गाडी अजून कोणाची झालेली नाही, विक्रेत्याच्या ताब्यात आहे.

आपला नंबर एमएच-28. शेजारी अकोला 30, वाशीम 37, जालना 21, जळगाव 19, संभाजीनगर 20. नव्या मॉडेलवर एमएच-28 दिसला तर ती गाडी याच जिल्ह्यात कोणीतरी वापरतो आहे, म्हणजे पुढेमागे त्याच्याशी बोलता येईल. एमएच-12 किंवा 14 असेल तर ती पुण्याकडची पाहुणी, दिसली तेवढी पाहून घ्यायची.

एप्रिल 2019 नंतरच्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून एक छोटा स्टिकर असतो. तो फिकट निळा असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी, नारिंगी असेल तर डिझेल. 'आवाजावरून डिझेल वाटली' असं म्हणण्यापेक्षा गाडी उभी असताना हा स्टिकर पाहिला की वाद मिटतो.

नंबर पूर्ण वाचता आला तर सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर टाकून पाहा. मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख आणि विम्याची मुदत कळते. मालकाचं नाव तिथे झाकलेलं असतं आणि ते शोधायच्या भानगडीत आपणही पडायचं कारण नाही.

दहा सेकंदांत काय टिपता येतं

चालत्या गाडीवरून चार-पाच गोष्टी खात्रीने सांगता येतात. त्याच टिपा.

पहिली, लांबी. गाडी चार मीटरच्या आतली की बाहेरची? मागच्या चाकामागे पत्रा छाटल्यासारखा लगेच संपत असेल तर ती बहुधा आतली. हा नुसता दिसण्याचा मामला नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबी आणि 1200 सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेल्या गाडीवर जीएसटी 18 टक्के आहे. त्यापेक्षा मोठ्या गाडीवर 40 टक्के. इलेक्ट्रिकवर 5 टक्के. म्हणजे किंमत कुठल्या गटात जाणार याचा अंदाज गाडीच्या शेपटीवरून येतो.

दुसरी, चाकं. छोट्या गाड्यांना बहुधा चार नट, वजनदार गाड्यांना पाच. मागच्या चाकात डिस्क चमकते की ड्रम आहे, तेही दिसतं.

तिसरी, पुढच्या काचेच्या मध्यावर आरशामागे कॅमेऱ्याचा डबा आहे का, आणि पुढच्या बंपरमध्ये मधोमध गुळगुळीत चौकोनी पट्टी आहे का. असेल तर आपोआप ब्रेक लावणारी, लेन सांभाळायला मदत करणारी यंत्रणा त्या प्रकारात दिलेली असण्याची शक्यता मोठी.

चौथी, मागे सायलेन्सरचं तोंड. नसेल आणि प्लेट हिरवी असेल तर प्रश्न संपला. प्लेट पांढरी असेल तर सायलेन्सर बंपरमागे दडवलेला आहे, एवढंच.

पाचवी, मागून दिसणारं खालचं अंग. बोलेरो, स्कॉर्पिओच्या मागच्या धुरीवर डिफ्रेन्शियलचा गोळा दिसतो. आजच्या बऱ्याच उंच, दणकट दिसणाऱ्या गाड्यांना तो नसतो, कारण त्या पुढच्या चाकांवर चालतात. दिसायला जीप आणि चालायला कार, हा फरक आपल्या पांदण रस्त्यावर आषाढात फार महाग पडतो.

अ‍ॅव्हरेज, पिकअप, पत्र्याची मजबुती, एसीचा गारवा, सीटचा आराम यांतलं काहीही धावत्या गाडीवरून कळत नाही. ते सांगणाऱ्याचं ऐकून घ्या, पण वहीत लिहू नका.

बुरख्यातली गाडी दिसली तर

काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीचे स्टिकर अंगभर चिकटवलेली गाडी म्हणजे बाजारात न आलेलं मॉडेल, चाचणीवर निघालेलं. अशा गाड्या जास्त दिसतात त्या पुण्याच्या बाजूला. चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने, पिंपरीत टाटा, वेताळ टेकडीवर 1966 पासूनची एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था. मध्य प्रदेशात पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा नॅट्रॅक्सचा वेगवान ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला. पण आपल्या शेजारी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे आणि बिडकीनला टोयोटाचा प्रकल्प जाहीर झालेला आहे. तेव्हा जालना-देऊळगाव राजाकडच्या मंडळींनी डोळे उघडे ठेवायला हरकत नाही.

ती नक्षी गंमत म्हणून नसते. वळणं, कोपरे, पत्र्यावरच्या रेषा नजरेला आणि कॅमेऱ्याला सापडू नयेत म्हणून ती मुद्दाम गोंधळ उडवणारी असते. काही वेळा आत फोम भरून आकारच बदललेला असतो, लाईटही तात्पुरते बसवलेले असतात. म्हणून बुरख्यातल्या गाडीच्या 'लूक'वर मत देणं फोल. लांबी, दरवाजे, चाकांमधलं अंतर आणि काचेची उंची एवढंच विश्वासाचं. लाईट कारखान्याचे पक्के दिसले, चाकं पॉलिश केलेली असली, स्टिकर पातळ असले तर बाजारात यायला फार काळ नाही, असं समजायचं.

थारचं उदाहरण घ्या. पाच दरवाज्यांची थार बुरख्यात फिरताना लोकांनी कितीतरी महिने पाहिली. दरवाजे पाच आहेत, लांबी वाढली आहे, हे सगळ्यांनी बरोबर ओळखलं. नाव मात्र 'आर्मडा' असणार असं जो तो सांगत होता. 15 ऑगस्ट 2024 ला गाडी आली ती 'थार रॉक्स' या नावाने. सिएराचंही तसंच. 1991 ची तीन दरवाज्यांची टाटा सिएरा ज्यांना आठवत होती, त्यांनी 2020 च्या ऑटो एक्स्पोतला नमुना पाहिल्यापासून वाट पाहिली. गाडी बाजारात यायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि आली ती पाच दरवाज्यांची. डोळ्यांनी मोजलेलं टिकतं, कानांनी ऐकलेलं टिकत नाही. भेंडवळच्या घटमांडणीसारखं चार दाण्यांवरून वर्षभराचं भाकीत गाडीच्या बाबतीत करू नये.

चाचणीच्या गाडीच्या मागे लागू नका, तिला ओव्हरटेक करून अडवू नका, उभी असेल तर स्टिकर ओढून पाहू नका. चालवणारा नोकरीवर असतो. त्याला काही सांगायची परवानगी नसते आणि आपण विचारून त्याची अडचण करू नये.

खरी पारख उभ्या गाडीची

उभी गाडी पाहायला आपल्या जिल्ह्यासारखी जागा नाही. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला महाराष्ट्रभरातून गाड्या येतात. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेड राजात, तसंच लोणार सरोवराला आणि देऊळगाव राजाच्या बालाजीला हेच चित्र. लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेरची रांग तर फुकटचं प्रदर्शनच.

उभ्या गाडीत सर्वांत आधी वाका आणि टायर वाचा. समजा टायरवर 215/60 आर17 96 एच असं लिहिलेलं आहे. 215 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 60 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे 129 मिलिमीटर. 17 हा रिमचा आकार इंचात. 96 म्हणजे एक टायर 710 किलो पेलतो आणि एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी तो बनवलेला आहे. त्याच मॉडेलच्या टॉप प्रकारात 18 इंची रिम आणि बुटकी भिंत असेल तर फोटोत गाडी देखणी दिसते, पण खड्ड्यात दणका थेट रिमला बसतो. गावाकडच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने मधला प्रकार आणि उंच भिंतीचा टायर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टायरवर चार आकडी शिक्काही असतो. 2325 म्हणजे 2025 सालातला तेविसावा आठवडा. नवी गाडी ताब्यात घेताना तो जरूर पाहा. शोरूमच्या आवारात गाडी किती महिने उभी होती याचा अंदाज येतो.

मग मालकाशी बोला. गाडीचं कौतुक करून सुरुवात केली की माणूस मोकळा होतो. पण "अ‍ॅव्हरेज किती देते?" हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी वाढवूनच येतं. विचारायचं ते असं:

टाकी फुल्ल केल्यापासून पुन्हा फुल्ल करेपर्यंत किती किलोमीटर झाले आणि किती लिटर बसलं?

पाच माणसं आणि सामान भरून, एसी चालू ठेवून घाट चढताना कितवा गिअर लागला?

सर्व्हिसिंगला कुठे नेता? एखादा पार्ट मागवला तर किती दिवसांनी आला?

आजी मागच्या सीटवर चढताना त्रास होतो का? उंच गाडीच्या हौसेत हा प्रश्न सगळे विसरतात. नऊवारी नेसलेल्या, गुडघे धरलेल्या माणसाला फूटबोर्ड नसलेली गाडी म्हणजे शिक्षा.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घ्याल का?

महिन्याभरापूर्वी गाडी घेतलेला मालक तिच्यात दोष काढत नाही, तो स्वतःच्या निर्णयाची बाजू मांडत असतो. सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटर झालेल्या मालकाचं ऐका. त्याहून चांगलं म्हणजे पिवळ्या प्लेटच्या ड्रायव्हरचं. त्याला गाडीचं प्रेम नसतं, हिशेब असतो. क्लच किती टिकला, ब्रेक लायनर कधी बदलले, उन्हाळ्यात एसी कुठे दमला, हे तो न अडखळता सांगतो.

कसोटी आपल्या रस्त्यांची

शहरातल्या माणसाचं मत शहरासाठी खरं असतं. आपल्या जिल्ह्यात एकाच दिवसात चार तऱ्हेचे रस्ते लागतात, गाडी चारही ठिकाणी तपासायला हवी.

समृद्धीवर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे. कंपनी जाहीर करते ते मायलेज किंवा इलेक्ट्रिकची रेंज ज्या प्रमाणित चाचणीतून येते, त्या चाचणीत वेग 90 च्या वर जात नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 ऐवजी 120 ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो. त्यामुळे मेहकरहून नागपूरला इलेक्ट्रिक गाडीने निघणाऱ्याने कागदावरची रेंज धरून निघू नये, मधला चार्जर आधी पाहून ठेवावा. पेट्रोलवाल्यानेही 'अ‍ॅव्हरेज पडला' म्हणून मेकॅनिककडे धावण्याआधी वेग कमी करून पाहावा.

मोताळ्याहून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट ही इंजिनाची परीक्षा. छोट्या टर्बो इंजिनाच्या गाड्या सपाटीवर उड्या मारतात, भरल्या गाडीने वळणावर वेग तुटला की मात्र दम धरतात. टेस्ट ड्राइव्ह शक्य असेल तर चढावर आणि घरचे चौघे बसवून मागा. शोरूमसमोरच्या गुळगुळीत दोन किलोमीटरांत काहीच कळत नाही.

मलकापूर-नांदुऱ्याकडचा मे महिना ही एसीची परीक्षा. दुपारी दोन वाजता उन्हात उभी असलेली गाडी सुरू करून मागच्या सीटवर गार वारा किती वेळात येतो ते पाहा. काचेचं मोठं छत असलेल्या गाडीत ते झाकायला जाड पडदा आहे की नुसती जाळी, तेही बघा.

आणि काळ्या मातीची शेतवाट. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. खताची चार पोती आणि तीन माणसं बसली की गाडी खाली येते. मालकाला भरल्या गाडीची गोष्ट विचारा.

सुरक्षिततेचं मत मात्र ऐकीव ठेवू नका. 'दार बंद करताना ठक्क आवाज येतो, म्हणजे मजबूत' याला काही अर्थ नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची धडक-चाचणी सुरू आहे. समोरून ताशी 64 किलोमीटरने अर्धवट धडक, बाजूने 50 ने धडक, आणि वरच्या ताऱ्यांसाठी खांबाची कसोटी. मोठ्यांच्या सुरक्षेला 32 पैकी, मुलांच्या सुरक्षेला 49 पैकी गुण मिळतात. तारे किती एवढंच पाहू नका, मुलांचे गुण वेगळे वाचा आणि ती चाचणी तुम्ही घेत असलेल्या प्रकाराला लागू आहे का ते तपासा.

फोटो आणि मत, दोन्ही जपून

चालवताना मोबाईल हातात धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली गुन्हा आहे. समृद्धीवर हौसेखातर गाडी थांबवायची सोय नाही आणि दुचाकीला तिथे प्रवेशच नाही. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि 25 जण गेले, हे या जिल्ह्याने पाहिलं आहे. नव्या गाडीचा फोटो शेजारी बसलेल्याने काढावा, नाहीतर पुढच्या थांब्यावर उभी मिळाली तर काढावा. दुसऱ्याला पाठवण्याआधी नंबर आणि आतल्यांचे चेहरे झाका. कोण कुठे गेलं होतं हे गावभर करायचा आपल्याला अधिकार नाही.

मत लिहिताना तीन रकाने करा: पाहिलं, विचारलं, वाटलं. 'पाहिलं' खाली: पांढरी प्लेट, एमएच-28, निळा स्टिकर, पाच नट, मागे डिस्क. 'विचारलं' खाली: मालक, सात महिने, अकरा हजार किलोमीटर, टाकी ते टाकी लिटरला चौदा, काचेला तीन आठवडे लागले. 'वाटलं' खाली: रंग छान, तोंड फार भपकेदार. तिसरा रकाना हवा तेवढा भरा, गप्पांची मजा त्यातच आहे. पण दुसऱ्याला गाडी सुचवताना पहिले दोनच वाचून दाखवा.

नवं मॉडेल आवडलं तरी पहिल्या खेपेतली गाडी घ्यायची घाई करू नका. सहा-आठ महिने थांबा. तोवर जिल्ह्यात एमएच-28 च्या पाच-दहा गाड्या फिरायला लागतात, पार्ट मिळतात की नाही ते कळतं, सुरुवातीच्या खोड्या कंपनी दुरुस्त करते. मग अशा तीन मालकांना गाठा, त्यात एक पिवळ्या प्लेटचा असू द्या. तिघांपैकी दोघांनी 'पुन्हा हीच घेईन' म्हटलं तर बुकिंगचे पैसे भरा. नाही म्हटलं तर रस्त्यावर पाहून आनंद घ्या, त्याला हप्ता लागत नाही.